उंबरठा आणि दंड : सक्तीच्या लसीकरणाची मराठी स्मृती

२०२१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. कासारवाडीत माझ्या शेजारी राहणारा एक तरुण सकाळी फर्स्ट शिफ्टला गेला आणि साडेआठच्या आत घरी परत आला. तो मूळचा मराठवाड्यातला. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून कामाला होता. गेटवर त्याच्याकडे दुसऱ्या डोसचे प्रमाणपत्र मागितले, आणि ते त्याच्याकडे नव्हते. पहिल्या डोसनंतर तो तीन दिवस तापाने पडून होता, त्या तीन दिवसांची हजेरी बुडाली होती, म्हणून दुसरा डोस तो पुढे ढकलत होता. ठेकेदाराने सांगितले, 'सर्टिफिकेट आण, मग ये.' जिन्यात बसून तो मला म्हणाला, "सुई नको असं न्हाई सर. पर इचारलं कुणी?"

त्याच दिवसांत लसीकरणाच्या विरोधातला बराच मजकूर मोबाइलवरून फिरत होता. त्यातल्या मराठी मजकुरात एक संदर्भ हमखास असे : रँड आणि चापेकर. पूर्वी इंग्रज सरकारने साथीच्या नावाखाली घरात घुसून अत्याचार केले, तेव्हा चिंचवडच्या तीन भावांनी प्राण दिले. आज पुन्हा तेच चालले आहे, असा एकूण सूर. कासारवाडीहून लोणावळ्याची लोकल पकडली तर पिंपरीनंतरचे स्थानक चिंचवडच. तिथे चापेकर चौक आहे, पुतळे आहेत, वाडा आहे. त्यामुळे आमच्या भागात हा दाखला पुस्तकातला वाटत नाही, गावकीतला वाटतो. तो कितपत खरा आहे हे तपासावे म्हणून मी त्या काळाचे जुने वाचन पुन्हा काढले. ज्या दाखल्यावर आपण विसंबतो त्यात लसीला जागाच नाही, आणि सक्तीच्या लसीकरणाचा जो खरा इतिहास मराठी मुलखात घडला तो आपल्या साहित्यस्मृतीत जवळजवळ उतरलेलाच नाही, असे माझ्या लक्षात आले. प्रस्तुत लेख त्या विसंगतीविषयी आहे.

आधी १८९७. मुंबईत आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याने सरकारला हवे ते उपाय योजण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला, आणि असे करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही अशी तजवीजही केली. लस टोचण्याची सक्ती त्यात नाही. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा अध्यक्ष झाला, आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. हे काम १९ मेपर्यंत चालले. (योगायोगाची गोष्ट अशी, की २०२० साली महाराष्ट्र सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसह काही शहरांना हाच कायदा लागू केला, तो दिवसही १३ मार्चच होता.) झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याच्या प्लेगची कथा सांगताना आपण २२ जूनपासून मागे जातो. १० मार्चपासून पुढे क्वचितच येतो. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाचे नावही '२२ जून १८९७' असेच आहे. रँडवर गोळी झाडली गेली ती ही तारीख.

लोकांचा राग कशावर होता? देवघरापर्यंत बूट घालून जाण्यावर, स्त्रियांना परक्या पुरुषांसमोर तपासण्यावर, सामान बाहेर काढून जाळण्यावर, माणसे उचलून छावणीत नेण्यावर. म्हणजे उंबरठा ओलांडण्यावर. टिळकांची त्या काळातली भूमिका आज सरसकट 'विरोध' या एका शब्दात बसवली जाते, तशी ती नव्हती. रोग्यांना वेगळे ठेवण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र रुग्णालय चालावे यासाठी ते स्वतः खपले, आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता. राजद्रोहाचा खटलाही प्लेगविषयीच्या अग्रलेखांवर भरला गेला नव्हता, तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी-उत्सवाच्या मजकुरावर होता. १४ सप्टेंबरला त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

लस होती, पण ती या गोष्टीत दुसरीकडे आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी तयार झाले त्यांना दिली. तुरुंगातल्या माणसाचे 'तयार होणे' किती मोकळे असते हा प्रश्न आहेच. तरीही रँडच्या शिपायांच्या हातात सुई नव्हती, हे निःसंशय. म्हणून चापेकरांना लसविरोधाचे पूर्वज ठरवणे हा इतिहासाचा सोयीस्कर वापर आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा दामोदर हरी चापेकर यांच्या आत्मवृत्ताचा. अटकेत असताना लिहिलेला हा मजकूर वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनामुळे मराठी वाचकाला ग्रंथरूपात मिळाला. तो ज्यांनी नुसता ऐकला आहे, त्यांनी एकदा प्रत्यक्ष वाचावा. प्लेग त्यात फार उशिरा येतो. त्याआधी तालीम आहे, लष्करात शिरण्याची धडपड आहे, मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासणे आहे, आणि सुधारकांविषयीचा कडवट द्वेष आहे. रँडचा अपराध त्यांच्या लेखी धर्मावर घाला घालण्याचा आहे. पुस्तकभर 'आम्ही' आहे. आपले शरीर आपले, त्यावर कोणाची सत्ता, असा प्रश्न विचारणारा 'मी' नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. त्या काळी, त्या वयात, त्या घरात दुसरे काही असण्याची शक्यताही नव्हती. पण आज व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने ज्यांना हा दाखला द्यायचा आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ज्या सुधारकांनी मराठीत व्यक्तीचे स्वातंत्र्य हा विषय आणला, त्यांच्यावर दामोदरपंतांचा राग इंग्रजांइतकाच होता. मिल आणि स्पेन्सर पचवलेले आगरकर जून १८९५ मध्येच गेले. 'सुधारक'च्या पहिल्या संपादकाने प्लेगच्या झडत्यांवर काय लिहिले असते, हा माझा आवडता निरुपयोगी प्रश्न आहे. स्पेन्सर सक्तीच्या लसीचे विरोधक होते. मिलचा नियम मात्र दुसऱ्याला इजा होईल तिथे स्वातंत्र्य थांबवतो. आगरकरांना आपल्या दोन गुरूंपैकी एकाची निवड करावी लागली असती.

त्या वर्षीच्या लिखाणात एकट्या माणसाचे शरीर मला एका ठिकाणी ठळक दिसते, आणि तो मजकूर मराठी नाही. मे १८९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला इंग्रजीत पत्र लिहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीला प्लेगच्या छावणीत नेले गेले होते. छावणीत स्त्रियांचे काय होते, याविषयी ते पत्र आहे. सरकारने आरोप नाकारले. विलायतेत स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप करणाऱ्या गोखल्यांना पुरावा देता आला नाही, आणि परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. गोखल्यांची माफी आपल्या चरित्रवाङ्मयात पुष्कळ चघळली गेली. ती मुलगी मात्र त्यातून निसटली. धर्म, शहर, राष्ट्र यांपैकी कशाचीही प्रतिनिधी नसलेली एक मुलगी. सक्तीचा प्रश्न खरे तर तिच्यापाशी सुरू होतो.

आता जो इतिहास आपल्या हातून निसटला त्याकडे वळतो. सक्तीच्या लसीकरणाचा कायदा मराठी मुलखाला १८९७ च्या वीस वर्षे आधीपासून माहीत होता. मुंबई शहरासाठी १८७७ चा कायदा आला. त्याने जुन्या टीकादारांची पद्धत, म्हणजे देवीच्याच रोग्याचा अंश दुसऱ्याला देणे, बंद केली आणि मुलांना गोस्तनदेवीची लस टोचणे सक्तीचे केले. १८९२ च्या कायद्याने इलाख्याच्या जिल्ह्यांतही अशी सक्ती लागू करण्याची वाट मोकळी झाली. न टोचणाऱ्या पालकाला दंड. मराठीत दंड म्हणजे लस टोचण्याची जागा आणि दंड म्हणजे शिक्षेची रक्कम. कायदा करणाऱ्या इंग्रजाला हा श्लेष कळला नसेल, पण आमच्या आज्यांना कळला असणार.

भाषाही इथे काही सांगते. आपण 'देवी आल्या' म्हणतो तेव्हा तो रोग असतो, आणि 'देवी काढल्या' म्हणतो तेव्हा तो त्या रोगावरचा उपाय. जिच्या कोपाने रोग होतो, ती, रोग आणि लस या तिघींना एकच नाव. 'लस' हा शब्दही आधी औषधाचा नव्हे. जखमेतून किंवा फोडातून झिरपणारा द्रव तो लस. आणि सुरुवातीच्या काळात ती खरोखर तशीच असे. एका मुलाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर लावायची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली आणि तिच्यापासून पुढे ही दंडादंडाची साखळी सुरू झाली. कोणाच्या मुलाची लस कोणाच्या मुलाला, हा प्रश्न जातीच्या समाजात किती जिव्हारी लागला असेल हे सांगायला नको. पण त्याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. लस देणारे मूल बहुधा गरिबाचे असे. त्याचा पिकलेला फोड पुन्हा फोडला जाई, आणि आया मुलांना लपवून ठेवत. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 'कॉलनायझिंग द बॉडी' (१९९३) या ग्रंथात या विरोधाची चर्चा आहे. पुढे वासरापासून काढलेली लस आली तेव्हा ही साखळी तुटली, पण गाईचा प्रश्न उभा राहिला.

मूल कडेवर घेऊन परसदाराने पळणारी ही आई मराठी कथा-कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेली माझ्या वाचनात नाही. आत्मचरित्रांतून 'देवी काढायला आलेला' माणूस ओझरता दिसतो, बहुधा विनोदासाठी. का? उंबरठ्याला मानमर्यादा होती, वृत्तपत्रे होती, अग्रलेख लिहिणारे होते. मुलाच्या दंडाला यांतले काहीच नव्हते. ज्यांच्या घरात शिपाई शिरले ते लिहिणारे होते. ज्यांच्या मुलांचे फोड फोडले गेले ते लिहिणारे नव्हते. आपल्या साहित्याच्या इतिहासकारांनी या फरकाची दखल घेतलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

इंग्लंडमध्ये उलट झाले. तिथे १८५३ पासून सक्ती होती आणि तिच्याविरुद्ध कामगारवस्त्याच उठल्या. १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. १८९८ मध्ये पार्लमेंटने सदसद्विवेकाच्या आधारे सूट मागण्याची सोय कायद्यात घातली. पुढे युद्धात शस्त्र न उचलणाऱ्यांना जे विवेकाचे नाव मिळाले ते या लसीच्या वादातून आले. म्हणजे ज्या साली येरवड्यात दामोदर चापेकरांना फाशी झाली (१८ एप्रिल १८९८), त्याच साली राज्यकर्त्यांच्या देशात बापाला आपल्या मुलासाठी 'नाही' म्हणता येऊ लागले. अमेरिकेत १९०५ मध्ये जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्ती योग्य ठरवली. पण शिक्षा होती पाच डॉलर; धरून टोचण्याची परवानगी नव्हती. तरी १९२७ मध्ये याच निकालाचा आधार घेऊन त्याच न्यायालयाने एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. लसीपुरती दिलेली मुभा लसीपुरती राहत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

हे परदेशातले राहू द्या. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. असे विधेयक मंजूर करणारे आपण देशात पहिले. या गोष्टीवर आपल्याकडे जेवढे मौन आहे तेवढे क्वचित कशावर असेल. २०२१ मध्ये कामगारवस्त्यांत लसीबद्दल 'पोरं होत नाहीत म्हणे' अशी कुजबुज चालत असे तेव्हा शिकलेले लोक हसत. मीही हसलो होतो. त्या कुजबुजीतले वैद्यकशास्त्र खोटे होते, पण तिच्यामागे एका पिढीची आठवण होती, आणि ती आठवण खोटी नव्हती.

इथे माझी बाजू सांगितली पाहिजे. मी दोन्ही डोस रांगेत उभा राहून, खुशीने घेतले. माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लसीचे गोल व्रण होते; आमच्या मुलांच्या दंडावर ते नाहीत, कारण १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही. आणि तो उरू नये म्हणून १९७३ ते ७५ या काळात बिहारसारख्या भागांत पहाटे घरांना वेढे घालून, दारे तोडून लोकांना लस टोचल्याचे त्या मोहिमेतल्या लोकांनीच सांगितले आहे. पॉल ग्रीनो यांचा १९९५ चा निबंध त्यावर आहे. व्रण नसलेला माझ्या मुलाचा दंड त्या तुटलेल्या दारांचाही ऋणी आहे. हे मला गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. 'सक्ती' हा शब्द आपल्या इतिहासात नेहमी बदनाम नाही, हेही खरे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो रुपया कुणाला जुलूम वाटला असेल, पण त्याविरुद्ध कोणी आज पत्रक काढणार नाही. फरक कुठे आहे? शाहूंनी दंडाच्या आधी शाळा मोफत केली, गावोगाव उघडली. मागण्याच्या आधी दिले.

या पार्श्वभूमीवर २०२१-२२ कडे पाहिले की एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या कायद्याविरुद्ध लोक स्वातंत्र्याचा घोष करत होते तो कायदा अस्तित्वातच नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की संमतीशिवाय कोणालाही लस देण्याचे धोरण नाही. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना प्रवेश होता तो दोन्ही डोस झालेल्यांनाच. नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस नसेल तर पेट्रोल, गॅस आणि रेशन देऊ नये असा आदेश निघाला. पेट्रोलचे मी समजू शकतो. रेशन? सुई न घेणाऱ्याचा तांदूळ बंद करून कोणता विषाणू थांबतो, हे विचारायला कोणी अग्रलेख खर्ची घातल्याचे मला आठवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने लोकलविषयीचे आदेश ठरलेली कार्यपद्धती डावलून काढले गेले, असे सरकारला सुनावले. मग सरकारने ते मागे घेतले.

२ मे २०२२ रोजी न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. शरीराची अखंडता अनुच्छेद २१ खाली संरक्षित आहे, कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार मर्यादित निर्बंध घालू शकते, आणि ते प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा अधिक आहे असे दाखवणारी माहिती सरकारने पुढे ठेवली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. लसीकरणाचे धोरण मात्र योग्यच ठरवले, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करण्यास सांगितले. वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून मी हा निकाल गद्य म्हणून वाचला. बेभान घोषणा त्यात नाहीत. दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारे, सावध गद्य आहे. पण एका ठिकाणी त्याचा आवाज बसतो. सरकारी नियमांबद्दल बोलताना तो निर्णय देतो. खासगी संस्थांनी आपले आदेश तपासून पाहावेत, हे सांगताना तो सुचवतो. एवढेच.

आमच्या पट्ट्यात, दापोडीपासून चाकणपर्यंत, माणसाचे शरीर दिवसातले आठ-बारा तास खासगी संस्थेच्या ताब्यात असते. शासनाशी त्याचा संबंध मतदानाला आणि रेशनला. ज्याला आपण 'सक्ती' म्हणतो ती इथे राजपत्रातून येत नाही. ती सुपरवायझरच्या तोंडून, ठेकेदाराच्या फोनवरून येते. तिच्यात दंडाचे कलम नसते, फक्त हजेरी लागत नाही. ही सक्ती ना चापेकरांच्या आत्मवृत्तात आहे ना मिलच्या पुस्तकात. मिलला ती दिसायला हवी होती खरे तर. मोबाइलवरच्या मजकुरात तर ती नव्हतीच. तिथे स्वातंत्र्य होते ते मास्क न लावण्याचे आणि लोकलने जाण्याचे. पहिल्या डोसनंतर ताप आला तर त्या तीन दिवसांची मजुरी कोणी द्यायची, ही मागणी लसविरोधकांच्या पत्रकात नव्हती आणि लससमर्थकांच्याही नव्हती. माझ्या शेजाऱ्याला स्वातंत्र्य हवे होते ते एवढ्याच आकाराचे.

चौथ्या दिवशी त्याने दुसरा डोस घेतला. ताप आला नाही. प्रमाणपत्राची प्रिंट त्याने दुकानात लॅमिनेट करून घेतली आणि गेटपासच्या मागे, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात, घातली. गेल्या दिवाळीत मी त्याला विचारले, की ते अजून आहे का. त्याने पाकीट उघडून दाखवले. गेटपास नव्या ठेकेदाराचा होता.

"काढायचं ऱ्हायलंच," तो म्हणाला. "आन् सर, परत मागितलं तर?"